इंग्रजी शोधलेखनात ‘एट अल.’ अचूक कसे वापरावे

इंग्रजीत शोधनिबंध किंवा प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या कच्च्या मसुद्यात जी चूक जवळजवळ प्रत्येक पानावर सापडते, ती ‘एट अल.’, म्हणजे अनेक लेखकांपैकी पहिल्याच्या नावापुढे ‘आणि इतर’ या अर्थाने येणाऱ्या संक्षेपाच्या दोन शब्दांची आहे. टिंब चुकीच्या शब्दानंतर पडलेले असते, दोनच लेखक असताना एकाचे नाव गिळलेले असते, क्रियापद एकवचनी असते, आणि एकाच प्रबंधात एका प्रकरणात तीन लेखकांची नावे पूर्ण तर पुढच्या प्रकरणात त्याच तिघांचे ‘एट अल.’ झालेले असते. या चुका इंग्रजी कच्चे असल्यामुळे होतात असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या कामाचा क्रम उलटा लावल्यामुळे होतात: लिहिताना हाताशी आलेले पहिले नाव घेऊन त्यापुढे ‘एट अल.’ जोडले जाते, आणि एकूण लेखक किती, शैली कोणती, हे प्रश्न प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात विचारले जातात. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार करावेत. नावे आधी पूर्ण जमवायची आणि मगच कापायची, या एका नियमावर पुढचे सगळे उभे आहे.

या लेखात इंग्रजी नमुने देवनागरीत दिले आहेत. त्यांतील टिंब, स्वल्पविराम, कंस आणि मोकळी जागा मात्र इंग्रजी मजकुरात जशी हवी तशीच ठेवली आहे, तेव्हा नमुना उतरवताना चिन्हांकडे विशेष लक्ष द्यावे.

टप्पा १ : शैली आणि तिची आवृत्ती ठरवणे

‘एट अल.’ किती लेखकांपासून वापरायचे याला सर्वत्र लागू पडणारे एकच उत्तर नाही. ते संदर्भशैलीवर, म्हणजे संदर्भ लिहिण्याच्या ठरीव नियमांवर, अवलंबून असते, आणि एकाच शैलीच्या दोन आवृत्त्यांतही ते बदलते. म्हणून पहिला संदर्भ टाइप करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने सांगितलेली शैली, तिची आवृत्ती, आणि त्या संस्थेने स्वतःचे काही वेगळे नियम दिले असल्यास ते. नियतकालिकाच्या बाबतीत ही माहिती लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये असते. प्रबंधाच्या बाबतीत विद्यापीठाच्या पीएच.डी. नियमावलीत किंवा विभागाच्या परिपत्रकात ती पाहावी आणि तेथे ती नसेल तर मार्गदर्शकांकडून लेखी घ्यावी.

आवृत्तीवर एवढा भर देण्याचे कारण ठोस आहे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीच्या २००९ च्या सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असतील तर पहिल्या उल्लेखात सर्वांची नावे आणि त्यानंतर ‘एट अल.’, तर सहा किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्यापासूनच ‘एट अल.’ असा नियम होता. २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने तो सोपा केला आणि तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिले नाव व ‘एट अल.’ असे ठरवले. शिकागो शैलीतही असाच बदल झाला आहे: २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत मजकुरात चार किंवा अधिक लेखकांना ‘एट अल.’ लागत असे, २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत ते तीनपासून लागते.

सावधान: शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचा जुना प्रबंध उघडून त्यातील संदर्भांची नक्कल करू नये. तो प्रबंध आपल्या काळी बरोबर असू शकतो आणि आज तुमच्या विद्यापीठाला हव्या असलेल्या आवृत्तीनुसार चूक ठरू शकतो. वरिष्ठ सहकाऱ्याने प्रेमाने दिलेल्या ‘नमुना फाइल’लाही हेच लागू आहे.

टप्पा २ : प्रत्येक स्रोताची लेखकयादी पूर्ण करणे

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो वगळला जातो. ‘एट अल.’ च्या निम्म्याहून अधिक कटकटी येथेच जन्म घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखकांची नावे नेहमी मूळ निबंधाच्या पहिल्या पानावरून किंवा नियतकालिकाच्या त्या निबंधाच्या अधिकृत पानावरून घ्यावीत. गूगल स्कॉलरच्या शोधनिकालात नावांची ओळ जागेअभावी कापलेली असते आणि शेवटी तीन टिंबे दिसतात. ती ओळ म्हणजे लेखकयादी नव्हे. दुसऱ्या एखाद्या निबंधाच्या संदर्भसूचीतून नोंद उचलली तर तिथे आधीच ‘एट अल.’ झालेले असते आणि मागची नावे तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पुढे शैली बदलायची वेळ आली की ती नावे पुन्हा शोधत बसावे लागते.

मराठी नावांच्या बाबतीत येथे एक खास अडचण येते. आपल्याकडे अर्जांवर आणि गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहिण्याची पद्धत आहे, आणि अनेक लेखक निबंधावरही ‘पाटील राजेंद्र सुरेश’ असेच नाव छापतात. संदर्भांचे सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजते, त्यामुळे मजकुरात ‘पाटील एट अल.’ ऐवजी ‘सुरेश एट अल.’ असा संदर्भ तयार होतो. सुरेश हे लेखकाच्या वडिलांचे नाव असते आणि त्या नावाचा संशोधक वाचकाला कुठेच सापडत नाही. प्रत्येक भारतीय नाव आयात केल्यानंतर आडनावाच्या रकान्यात आडनावच गेले आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. जोडआडनाव असल्यास ते निबंधावर जसे छापले आहे तसेच, जोडरेघेसह, ठेवावे.

लेखक म्हणून संस्थेचे नाव असेल, उदाहरणार्थ जागतिक आरोग्य संघटना, तर ती एकच लेखक धरली जाते. तिच्यामागे ‘एट अल.’ कधीही लागत नाही, अहवालावर कितीही जणांनी काम केलेले असो.

तपासा: यादीतील प्रत्येक नोंदीसमोर लेखकांची संख्या आकड्यात लिहून ठेवा. पुढचा टप्पा या आकड्यांवरच चालतो.

टप्पा ३ : मोजणे आणि मगच कापणे

पहिली गोष्ट सर्व शैलींना समान आहे. ‘एट अल.’ म्हणजे ‘आणि इतर’, आणि तेही अनेकवचनी इतर. म्हणून एकूण दोन लेखक असतील तर ते कोणत्याही शैलीत वापरता येत नाही. डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा प्रसिद्ध निबंध वॉटसन आणि क्रिक या दोघांचा आहे. त्याला ‘वॉटसन एट अल.’ म्हटले तर क्रिक यांचे नाव विनाकारण पुसले जाते आणि वाचकाला किमान तीन लेखक असल्याची चुकीची माहितीही मिळते.

तीन लेखकांवर शैलींमध्ये फरक दिसू लागतो. पुंज यांत्रिकीवरचा १९३५ चा आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा निबंध घ्यावा. एपीएच्या सातव्या आवृत्तीत त्याचा मजकुरातील संदर्भ ‘(आइन्स्टाइन एट अल., १९३५)’ असा होतो. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) शैलीच्या २०२१ च्या नवव्या आवृत्तीतही तीनपासूनच ‘एट अल.’ लागते, मात्र कंसात वर्षाऐवजी पान येते आणि मध्ये स्वल्पविराम नसतो: ‘(आइन्स्टाइन एट अल. ७७७)’. शिकागोच्या सतराव्या आवृत्तीत तिघांचीही नावे द्यावी लागतात, तर अठराव्या आवृत्तीच्या लेखक-वर्ष पद्धतीत ‘(आइन्स्टाइन एट अल. १९३५)’ असे, म्हणजे वर्षाआधी स्वल्पविराम न देता, लिहिले जाते.

अभियांत्रिकीतील आयट्रिपलई आणि वैद्यकशास्त्रातील व्हँकुव्हर या पद्धतींत मजकुरात मुख्यतः क्रमांक येतो, त्यामुळे मोजणीचा खरा प्रश्न संदर्भसूचीत उभा राहतो. त्याविषयी सातव्या टप्प्यात सांगितले आहे.

सावधान: एपीएमध्ये ‘पहिल्यांदा सगळी नावे, नंतर एट अल.’ हा जुना नियम अनेकांच्या हातात इतका बसला आहे की सातवी आवृत्ती वापरतानाही तो नकळत पाळला जातो. प्रबंधाचे दुसरे प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, या चुकीने भरलेले असते, कारण तेच सर्वांत आधी लिहिलेले असते.

टप्पा ४ : दोन शब्द नीट लिहिणे

पहिला शब्द ई-टी. तो पूर्ण लॅटिन शब्द आहे, म्हणून त्यापुढे टिंब नाही. मग एक मोकळी जागा. मग दुसरा शब्द ए-एल. हा ‘आलिई’ या शब्दाचा संक्षेप आहे, म्हणून त्याला चिकटून टिंब हवेच. ए-एल मध्ये एकच एल आहे. तिथे दोन एल टाकून ‘सर्व’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तयार करण्याची चूक फार होते आणि स्पेलिंग तपासणारे सॉफ्टवेअर ती पकडत नाही, कारण तोही योग्य इंग्रजी शब्दच असतो.

‘एट’ चा अर्थच ‘आणि’ असल्यामुळे त्याआधी इंग्रजीतला ‘अँड’ किंवा त्याचे चिन्ह लावू नये. दोन्ही शब्दांची अक्षरे लहान लिपीत असतात, ती मोठी करू नयेत.

तिरका ठसा (इटॅलिक) द्यायचा की नाही? एपीए, एमएलए आणि शिकागो या तिन्ही शैली सरळ ठसा वापरतात, कारण हा संक्षेप इंग्रजीत रुळलेला मानला जातो. ‘नेचर’ सारखी काही नियतकालिके मात्र तो तिरक्या ठशात छापतात. लॅटिन म्हणजे तिरके असा सरधोपट नियम डोक्यात ठेवू नये, शैली काय म्हणते ते पाहावे.

चिन्हांपैकी सर्वाधिक चुका स्वल्पविरामाच्या होतात. मजकुरात एकाच नावानंतर ‘एट अल.’ येत असेल तर मध्ये स्वल्पविराम नाही: ‘आइन्स्टाइन एट अल.’ एपीएमध्ये काही कारणाने दोन किंवा अधिक नावे देऊन मग ‘एट अल.’ लिहावे लागले तर मात्र शेवटच्या नावानंतरही स्वल्पविराम येतो: ‘पाटील, जोशी, एट अल.’ एपीएच्या कंसात टिंबानंतर स्वल्पविराम आणि मग वर्ष येते. टिंब आणि स्वल्पविराम शेजारी शेजारी पाहून अनेकांना ते चुकीचे वाटते आणि ते टिंब खोडून टाकतात. तसे करू नये, दोन्ही चिन्हे आपापले काम करत असतात.

वाक्य ‘एट अल.’ वरच संपत असेल तर एकच टिंब पुरते. प्रश्नचिन्ह असल्यास टिंब ठेवून त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यावे.

तपासा: ओळीच्या शेवटी ‘एट’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ‘अल.’ असे तुटलेले दिसत असेल तर दोन शब्दांमध्ये न तुटणारी जागा घालावी. वर्डमध्ये ती कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस या कळा एकत्र दाबून येते. लेटेक ही मजकूर जुळवण्याची प्रणाली वापरणाऱ्यांनी ‘अल.’ नंतर उलटी तिरकी रेघ आणि मग जागा द्यावी, नाहीतर ते टिंब वाक्याचा शेवट समजून पुढे जास्त मोकळी जागा सोडली जाते.

टप्पा ५ : वाक्यात बसवणे

येथवर चिन्हांचा भाग झाला. व्याकरणाचा भाग यापेक्षा नाजूक आहे, कारण शैलीचे पुस्तक जवळ असले तरी ते प्रत्येक वाक्य दुरुस्त करायला येत नाही.

‘आइन्स्टाइन एट अल.’ हा कर्ता अनेकवचनी आहे. पहिले नाव एकाच व्यक्तीचे असल्यामुळे हात आपोआप एकवचनी क्रियापदाकडे जातो आणि ‘पाटील एट अल. हॅज शोन’, ‘पाटील एट अल. सजेस्ट्स’ अशी वाक्ये तयार होतात. येथे ‘हॅव शोन’ आणि ‘सजेस्ट’ हवे. याच कारणाने पुढच्या वाक्यात ‘ही’ किंवा ‘हिज स्टडी’ येऊ शकत नाही, ‘दे’ आणि ‘देअर स्टडी’ येते. ज्यांना वर्तमानकाळात वारंवार घोटाळा होतो त्यांनी पूर्वसंशोधन सांगताना साधा भूतकाळ वापरावा, जो एपीएलाही मान्य आहे. ‘रिपोर्टेड’, ‘आर्ग्यूड’, ‘फाउंड’ ही रूपे दोन्ही वचनांत सारखीच असतात. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांच्याकडे तरीही लक्ष ठेवावे लागते.

एक मात्र लक्षात घ्यावे. वाक्याचा कर्ता लेखक नसून निबंध किंवा अभ्यास असेल, जसे ‘द स्टडी बाय पाटील एट अल. (२०१९)’, तर क्रियापद अभ्यासाप्रमाणे एकवचनी येते. ‘एट अल.’ दिसले की अनेकवचन, असे डोळे झाकून करू नये. वाक्यात काम कोण करतो आहे हे पाहावे.

आदरार्थी उपाधी हा आपल्या लेखनातला आणखी एक अडसर आहे. मार्गदर्शकांच्या किंवा ज्येष्ठ प्राध्यापकांच्या निबंधाचा उल्लेख करताना ‘डॉ. पाटील एट अल.’ किंवा ‘प्रा. जोशी एट अल.’ असे लिहिण्याची इच्छा होते. मराठीत नुसते आडनाव घेणे उद्धट वाटते हे खरे आहे, पण इंग्रजी संदर्भनिर्देशात उपाधी, पद आणि ‘सर’ यांपैकी काहीच येत नाही. आदर आभाराच्या पानावर मनापासून व्यक्त करावा.

षष्ठी करताना एपीएत टिंबानंतर वरचा स्वल्पविराम आणि एस लावता येतो. ते रूप शुद्ध आहे, तरी वाचताना अडखळायला होते, म्हणून ‘द आर्ग्युमेंट ऑफ आइन्स्टाइन एट अल. (१९३५)’ अशी रचना मला अधिक बरी वाटते. एमएलए शैलीत तर प्रत्यक्ष वाक्यात ‘एट अल.’ न वापरता ‘अँड अदर्स’ किंवा ‘अँड कलीग्ज’ लिहावे आणि संक्षेप कंसासाठी राखावा, अशी रीत आहे.

वस्तू, गावे किंवा संकल्पना यांच्या यादीनंतर ‘एट अल.’ लिहू नये. ‘पुणे, नाशिक, नागपूर’ यांच्यामागे शोधलेखनात ‘एटसेटरा’ चा संक्षेप येतो, आणि खरे तर तोही टाळून यादी पूर्ण दिलेली बरी. उलट लेखकांच्या नावांमागे ‘एटसेटरा’ लावणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे.

टप्पा ६ : सारखे दिसणारे संदर्भ वेगळे करणे

महाराष्ट्रातील संशोधनाचा आढावा घेताना हा टप्पा टाळणे जवळपास अशक्य असते, कारण आपल्याकडे पाटील, जोशी, कुलकर्णी, जाधव, शिंदे आणि देशमुख ही आडनावे प्रत्येक विषयात भेटतात. येथे तीन वेगवेगळ्या स्थिती आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. खालील नियम एपीएच्या सातव्या आवृत्तीचे आहेत.

पहिली स्थिती अशी की पहिले लेखक वेगवेगळे आहेत, पण आडनाव एकच आहे. तेव्हा आडनावाआधी त्यांची आद्याक्षरे द्यावीत, आणि ती वर्षे वेगळी असली तरी प्रत्येक वेळी द्यावीत: ‘आर. एस. पाटील एट अल. (२०१९)’ आणि ‘व्ही. डी. पाटील एट अल. (२०२१)’.

दुसरी स्थिती अशी की पहिला लेखक तोच, वर्षही तेच, पण सहलेखक वेगळे आहेत. समजा एक निबंध पाटील, जोशी, शेख आणि मोरे यांचा, तर दुसरा पाटील, कुलकर्णी, शेख आणि मोरे यांचा आहे. दोन्हींचे संक्षिप्त रूप ‘पाटील एट अल. (२०२०)’ असेच होते. अशा वेळी फरक दिसेपर्यंत नावे वाढवावीत: ‘पाटील, जोशी, एट अल. (२०२०)’ आणि ‘पाटील, कुलकर्णी, एट अल. (२०२०)’. नावे वाढवताना शेवटी एकच लेखक उरत असेल तर त्याच्यासाठी ‘एट अल.’ वापरता येत नाही, कारण ते अनेकांसाठीच आहे. तिथे सर्व नावे पूर्ण लिहावी लागतात. म्हणजे तीन लेखकांच्या दोन निबंधांत असा घोटाळा झाला तर दोन्हीकडे तिन्ही नावे येतील.

तिसरी स्थिती अशी की सर्व लेखक तेच, त्यांचा क्रम तोच आणि वर्षही तेच आहे. फक्त याच वेळी वर्षाला ए, बी अशी अक्षरे जोडायची असतात, आणि तीच अक्षरे संदर्भसूचीतही द्यायची असतात.

सावधान: दुसऱ्या स्थितीला तिसऱ्या स्थितीचा उपाय लावणे, म्हणजे सहलेखक वेगळे असतानाही वर्षापुढे ए आणि बी लावून मोकळे होणे, ही अनुभवी लेखकांकडूनही होणारी चूक आहे. त्यासाठीच दुसऱ्या टप्प्यात पूर्ण याद्या हव्या होत्या. पहिली तीन नावे पाहून दोन निबंधांचे लेखक सारखेच असल्याचा निष्कर्ष काढू नये.

टप्पा ७ : संदर्भसूचीत कुठे थांबावे

मजकुरात ‘एट अल.’ झाले म्हणून सूचीतही ते होते, असा समज मोडून काढणे आवश्यक आहे. मजकूर आणि सूची यांचे नियम वेगळे असतात, कारण सूची ही सहलेखकांच्या श्रेयाची नोंद असते आणि वाचकाला स्रोत शोधायला तीच उपयोगी पडते.

एपीएच्या सातव्या आवृत्तीत सूचीमध्ये वीसपर्यंत लेखकांची नावे पूर्ण दिली जातात. एकवीस किंवा अधिक लेखक असतील तर पहिली एकोणीस नावे, मग तीन टिंबे आणि मग शेवटचे नाव येते. म्हणजे एपीएच्या सूचीत ‘एट अल.’ येतच नाही. ते दिसले तर ती चूकच समजावी. एमएलएच्या सूचीत तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिले नाव उलट क्रमाने, मग स्वल्पविराम आणि ‘एट अल.’ असते: ‘आइन्स्टाइन, अल्बर्ट, एट अल.’ मजकुरात नसलेला स्वल्पविराम येथे येतो तो आडनाव आधी घेतल्यामुळे. शिकागोच्या सतराव्या आवृत्तीत दहापर्यंत लेखक पूर्ण द्यायचे आणि त्याहून अधिक असतील तर पहिल्या सातांनंतर थांबायचे असे होते. अठराव्या आवृत्तीत सहापर्यंत पूर्ण, आणि त्याहून अधिक असतील तर पहिल्या तिघांनंतर ‘एट अल.’ येते. वैद्यकीय लेखनातील व्हँकुव्हर पद्धतीत सर्वसाधारणपणे पहिली सहा नावे देऊन ‘एट अल.’ लिहितात. एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशन) शैलीत सहाहून अधिक लेखक असल्यास पहिली तीनच नावे देतात. आयट्रिपलईमध्ये सहाहून अधिक असल्यास पहिल्या नावानंतर थेट ‘एट अल.’ येते, तर ‘नेचर’मध्ये सहा लेखक झाले की केवळ पहिले नाव राहते.

मोठ्या प्रकल्पांत हे आकडे किती महत्त्वाचे ठरतात ते गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा २०१६ चा निबंध पाहिल्यावर कळते. तो ‘ॲबट एट अल.’ म्हणून उद्धृत होतो, त्याला एक हजाराहून अधिक लेखक आहेत आणि त्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संशोधकही आहेत. नावे तेथे वर्णक्रमाने आहेत, म्हणून ‘ॲबट’ हे नाव पुढे आले आहे. ‘ॲबट यांच्या नेतृत्वाखालील चमूने’ असे जर कोणी त्यावरून लिहिले तर ते तथ्यतः चूक ठरेल. पहिला लेखक म्हणजे प्रमुख संशोधक, हे समीकरण प्रत्येक विषयात लागू नसते.

स्वतःच्या नावाबाबतही येथेच सांगायला हवे. आपल्या बायोडेटातील प्रकाशनांच्या यादीत ‘एट अल.’ लिहू नये, सर्व सहलेखक मूळ क्रमाने द्यावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यापकांच्या निवड-बढतीबाबतच्या २०१८ च्या नियमांनुसार दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के गुण मिळतात. दोनाहून अधिक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के गुण दिले जातात. यादीतून लेखकांची संख्या आणि आपले स्थान कळले नाही तर छाननी समितीला ते गुण कसे मोजायचे हे ठरवता येत नाही. तरुण संशोधकांचे, आणि त्यातही प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे नाव बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी असते, तेव्हा हा निष्काळजीपणा त्यांनाच महाग पडतो.

टप्पा ८ : सॉफ्टवेअरला त्याचे काम करू देणे

झोटेरो, मेंडले किंवा एंडनोट यांपैकी संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘एट अल.’ हाताने टाइप करायचेच नसते. निवडलेल्या शैलीची फाइल ते योग्य जागी घालते. लेखकाच्या रकान्यात ‘एट अल.’ टाइप केले तर सॉफ्टवेअर त्याला माणसाचे नाव समजते, आणि ‘अल’ आडनावाचा एक सहलेखक सूचीत अवतरतो.

दस्तऐवजात सॉफ्टवेअरने तयार केलेला संदर्भ हाताने दुरुस्त करू नये. पुढच्या वेळी संदर्भ ताजे केले की ती दुरुस्ती पुसली जाते. चूक दिसली तर मूळ नोंदीत जाऊन ती सुधारावी.

मजकुरात अचानक ‘आर. पाटील एट अल.’ असे आद्याक्षरासह रूप दिसू लागले आणि दुसरे पाटील यादीत नसतील, तर एकच लेखक दोन तऱ्हेने नोंदवला गेला आहे असे समजावे: एका नोंदीत पूर्ण नाव, दुसऱ्या नोंदीत केवळ आद्याक्षर. सॉफ्टवेअर त्यांना दोन माणसे मानून सहाव्या टप्प्यातला पहिला नियम इमानाने लावते. दोन्ही नोंदींतील नाव एकसारखे केले की आद्याक्षर नाहीसे होते.

संस्था लेखक असेल तर झोटेरोमध्ये नावाचा एकच रकाना निवडावा आणि एंडनोटमध्ये संस्थेच्या नावानंतर स्वल्पविराम द्यावा, अन्यथा नावाचा शेवटचा शब्द आडनाव होतो. लेटेकबरोबर वापरल्या जाणाऱ्या बिबटेकच्या संदर्भ-फाइलमध्ये लेखकांची नावे स्वल्पविरामाने नव्हे तर ‘अँड’ या शब्दाने वेगळी करायची असतात. तिथे स्वल्पविराम वापरले की लेखकांची संख्याच चुकते आणि ‘एट अल.’ येणार की नाही हेही त्याबरोबर चुकते.

टप्पा ९ : सादर करण्यापूर्वीची शोधमोहीम

फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी आणि मग शोधण्याची सोय उघडून पुढील रूपे एकेक करून शोधावीत:

१. ‘एट’ नंतर टिंब असलेले रूप.
२. ‘अल’ नंतर टिंब नसलेले रूप. त्यासाठी ‘अल’ आणि स्वल्पविराम, ‘अल’ आणि कंस, ‘अल’ आणि मोकळी जागा असे तीन वेगळे शोध घ्यावेत.
३. दोन एल असलेले रूप.
४. ‘अँड एट अल.’ किंवा त्याचे चिन्हासह रूप.
५. दोन्ही शब्द जागा न सोडता जोडून लिहिलेले रूप.
६. ‘एट अल.’ नंतर लगेच येणारी ‘हॅज’, ‘इज’, ‘वॉज’ आणि ‘डज’ ही क्रियापदे.

सर्व ठिकाणी एकदम बदल करण्याची कळ येथे दाबू नये. ‘अल’ ही अक्षरे असंख्य इंग्रजी शब्दांच्या शेवटी येतात, आणि एका चुकीच्या आदेशाने शेकडो शब्दांना टिंबे लागू शकतात. प्रत्येक जागा पाहून बदल करावा.

यानंतर मजकुरातील प्रत्येक ‘एट अल.’ सूचीतील नोंदीशी जुळवावे: आडनावाचे स्पेलिंग तेच आहे का, वर्ष तेच आहे का, आणि दुसऱ्या टप्प्यात लिहून ठेवलेली लेखकसंख्या खरोखर संक्षेप करण्याइतकी आहे का. तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी आणि तळटिपा या वेळी हमखास सुटतात, आणि परीक्षकाची नजर नेमकी तक्त्यांवर आधी जाते. नियतकालिकाने निबंध परत पाठवला आणि तो वेगळ्या शैलीच्या दुसऱ्या नियतकालिकाकडे द्यायचा झाला, तर पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी. पूर्ण लेखकयाद्या तयार असतील तर त्या वेळी तिसऱ्या आणि सातव्या टप्प्यातील आकडे तेवढे बदलावे लागतात.